डॉक्टरांची उलटतपासणी

दि. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. माझं मात्र ठीक नाही. चार किल्ल्या घासल्या की दंड भरून येतात, दुकानाच्या पायऱ्या चढताना मांड्या नको म्हणतात. कालपासून लघवी काळ्या चहासारखी होते आहे. हे फक्त तुला लिहितोय.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू झाल्यापासून सूनबाई फार गोड वागायला लागल्यात. रोज विचारतात, बाबा, गोळी घेतली का? एवढी काळजी कशापायी? तिला घरात शिवणवर्ग काढायचा आहे, आणि जी खोली हवी आहे तिच्यात मी झोपतो. माझ्या चहात काहीतरी जातंय असा मला दाट संशय आहे. म्हणून हल्ली माझा चहा मीच करतो. साखरेच्या डब्याला कुलूपही घातलंय. चिरंजीव म्हणतात, तुमचं डोकं फिरलंय. तो बायकोचीच री ओढणार. येत्या रविवारी त्याला स्पष्ट सांगणार आहे, या घरात ती तरी राहील नाहीतर मी.

तब्येतीला जप.
तुझा,
दादा


दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, आधी सुनेला फोन केला आणि मग लिहायला बसले. रागाव हवं तर. तुला आजच दवाखान्यात ने आणि तोवर गोळी देऊ नकोस, एवढंच तिला सांगितलं. चहाचं काही बोलले नाही.

अंग दुखतंय आणि लघवीचा रंग बदललाय, यात चहाचा काय दोष? ती गोळी मीही कित्येक वर्षं घेते. सुरू करतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं, उगीच स्नायू दुखायला लागले किंवा लघवी गडद झाली तर वाट पाहायची नाही, लगेच दाखवायचं. मला कधी काही झालं नाही. मग तुलाच का?

विचार करता करता तुझा स्वभाव आठवला. कुलूप लावून तू स्वतः ओढून बघणार, वर वहिनीलाही ओढायला लावणार. ती बिचारी हसत ओढायची. असा माणूस एका डॉक्टरवर भरवसा ठेवील हे मला पटत नाही. खरं सांग, गुपचूप दुसऱ्याकडेही गेला होतास ना? त्यानेही गोळी दिली असेल तर दोन्ही पाकिटं डॉक्टरांपुढे ठेव. त्यांनी सांगेपर्यंत एकही घेऊ नकोस. आणि पुढे चालू-बंद काय करायचं ते डॉक्टरांना ठरवू दे, तू नको.

माया असू दे, संशयाला जरा सुट्टी दे.
तुझी,
धाकटी


दि. १७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल हॉस्पिटलातून घरी आलो. तुझा तर्क खरा निघाला. पहिला डॉक्टर औषधकंपनीचा माणूस असावा असं मला वाटत होतं. त्याची उलटतपासणी करायला दुसऱ्याकडे गेलो आणि पहिल्याचा विषयच काढला नाही. दुसऱ्याची गोळी वेगळ्या नावाची, वेगळ्या रंगाची. दोघांतला एक तरी खरा असेल म्हणून दोन्ही घेत राहिलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली. आतलं औषध एकच. म्हणजे मी रोज दुप्पट घेत होतो. स्नायू झिजत होते आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडत होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर निभावलं नसतं म्हणाल्या. गोळी सध्या बंद आहे. रक्ताचे अहवाल सुधारले की एकाच डॉक्टरची, कमी ताकदीची, अधूनमधून तपासणी करत पुन्हा सुरू होईल. हृदयासाठी ती लागणारच आहे.

आता जे लिहायला जड जातंय ते लिहितो. हॉस्पिटलात सून सूप आणायची. पहिल्याच दिवशी तिने वाटीत ओतलं, माझ्यादेखत एक चमचा स्वतः प्याली आणि मग वाटी माझ्या हातात दिली. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, तुम्हाला निवांत पिता यावं म्हणून. मला मान वर करवेना. माझं चुकलं असं तिला सांगितलं. तिने डोळे पुसले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आज सकाळी घरी चहा आणला, तेव्हाही आधी तिने घोट घेतला. आता नको गं म्हटलं, तर म्हणाली, राहू द्या बाबा, सवय झाली.

धाकटे, ती सवय मी लावली. कशी सोडवू, ते तेवढं कळव.

तुझा,
दादा