लाल मातीवरची खूण

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा शिंपीकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी भरीस न घालता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. छातीबद्दल त्यांनी जे लिहिले ते चांगले नाही, म्हणून ही घाई. पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही.

१. वरच्या दोन खोल्या आणि खालचे दुकान धाकट्या भावाला द्यावे.

२. शिलाई मशीन आणि मोठी कात्री पुतणीला. त्या कात्रीने कागद कापू नये. मी बघायला नसलो तरी कापू नये.

३. टीव्ही हवा त्याने न्यावा. त्यावर मोठमोठ्या खेळाडूंचे सामने पाहून मी पन्नाशीत टेनिस शिकलो. चित्र थांबवायचे, त्यांचे पाय कुठे पडलेत ते बघायचे आणि कापड आखायच्या खडूने तीच पावले दुकानाच्या फरशीवर काढायची. बॅकहँड बसायला दोन वर्षे गेली. गिऱ्हाईक दारात उभे आणि मी फूटपट्टी फिरवतोय. पत्नी म्हणायची, "अहो, लोकांच्या पँटी आज द्यायच्यात. कप उद्या जिंका."

४. टेनिस क्लबच्या सेक्रेटरीला काहीही देऊ नये. फाटके जाळे मी चार वेळा फुकट शिवून दिले आणि त्याने मला 'टीव्हीवाला' हे नाव चिकटवले.

५. कपाटावरचा कप धाकट्याला द्यावा. कारण लिहितो.

आमच्या क्लबात पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल त्यानेच आत की बाहेर ते सांगायचे. नऊ वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात माझ्यासमोर धाकटा होता. तो घड्याळे दुरुस्त करायचा. टीव्ही न बघताही माझ्यापेक्षा बरा खेळायचा, याचा मला राग होता. मला जिंकायला एक पॉइंट हवा होता. त्याचा चेंडू रेषेपाशी पडला आणि मी "बाहेर" म्हणालो. मातीत खूण उमटली होती. तो जाळ्यापर्यंत यायच्या आत मी ती बुटाने पुसली.

"दादा, मला आत दिसला रे."

"बाहेर होता."

"तू म्हणतोस तर बाहेरच."

एवढ्यावर थांबले असते तर मी निभावून नेले असते. पण त्याला वाटले, आपली नजर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही झालेले नाही असे सांगितले, तर म्हणाला, "डॉक्टर चुकेल. दादा कशाला खोटं बोलेल?" लोकांची घड्याळे आपल्या हातून बिघडतील या भीतीने त्याने दुकान बंद केले. हत्यारे भंगारात द्यायला माझ्याकडे दिली. तेव्हापासून तो माझ्याकडे बटणे लावतो. सुईत दोरा पहिल्याच खेपेला ओवतो, आणि मी मान खाली घालतो.

६. हत्यारे मी भंगारात दिली नाहीत. माझ्या पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत आहेत, भिंगासकट. ती त्याची त्याला द्यावीत.

एकदा टीव्हीवर पंचाने बाहेर दिलेला चेंडू आत होता, असे एका खेळाडूने स्वतःहून सांगितले आणि पॉइंट सोडला. त्याची पावले, त्याचा हात, सगळे मी उचलले होते. हे उचलता आले नाही. मी टीव्ही बंद केला.

हे तोंडावर सांगायला हवे होते. रोज सकाळी ठरवतो, तो चहा पुढे करतो आणि राहून जाते. मी भित्रा आहे, हेही या कागदावर असू द्यावे.

७. माझे मनगटी घड्याळ सहा वर्षांपूर्वी बंद पडले. दुसऱ्या कोणाला उघडू दिलेले नाही. ते धाकट्याने उघडावे.

धाकट्या, चेंडू अर्धा इंच आत होता. मापात मी चुकत नाही. तुझे डोळे चांगले आहेत.

सही: शिंपी, ऊर्फ टीव्हीवाला
साक्षीदार: १. शेजारचे औषधवाले २. क्लबचा माळी
ठिकाण: दुकान, कापड बेतायचे टेबल
तारीख: नऊ, मंगळवार, सकाळी अकरा

साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना फक्त पाहिले आहे. त्या वेळी धाकटा आतल्या खोलीत बटणे लावत होता.