गॅसवर चालणारी गाडी

सावनेर,
एप्रिल १९८६

प्रिय विश्वनाथ,

पत्राला सुरुवात लागते म्हणून 'प्रिय' लिहिलं आहे, त्याचा फार अर्थ काढू नकोस. समोर येऊनच बोललो असतो. पण तुझं ते विजयी हसू पाहिलं की माझ्या तोंडातून शिव्याच निघतात, आणि बहिणीच्या नवऱ्याला शिव्या देणं बरं दिसत नाही. म्हणून लिहितो आहे.

गेल्या रविवारी तू मला कोराडी रोडवर तुझ्या फियाटमध्ये बसवलंस. आयटीआयमध्ये आपण एका बाकावर होतो, तेव्हाही तुला काम करण्यापेक्षा ते दाखवायची घाई. डिकीत कुठल्याशा दवाखान्यातून पैदा केलेलं भुलीच्या गॅसचं निळं सिलिंडर, तेही दोरीनं बांधलेलं! अंथरुणाचं गाठोडं आहे का ते? तू गॅस सोडायचं बटण दाबलंस आणि गाडी सुसाट सुटली, ते नाकारत नाही. पण लगेच इंजिनातून हातोडीसारखे ठोके यायला लागले. मेकॅनिक म्हणवणारा माणूस अशा वेळी पेडलवरून पाय उचलतो. तू टेपरेकॉर्डरचा आवाज वाढवलास. मागच्या सीटवर माझी बहीण प्रेमिला दोन्ही हातांनी दाराची कडी धरून बसली होती. आरशात तू फक्त स्वतःचा भांग पाहत होतास.

उतरल्यावर मी विचारलं, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा जेट कोणता टाकला? तू छाती फुगवून म्हणालास, "लहान टाकला गा. गाडी गॅसवर चालून राहिली, मंग पेट्रोल काहून जाळू?" तिथेच सुनावलं असतं, पण वाट पाहत उभे असलेले तुझे ते चार टवाळ मित्र माना डोलवत होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं काय असतं, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

अरे शहाण्या, नुसत्या 'गॅस' या शब्दानं तुझा घात केला. घरचा शेगडीचा गॅस जळतो, म्हणून तुला वाटलं हाही जळतो. हा स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जोरानं जाळतो. फुंकणीसारखा. चुलीत फुंकणी मारायची तर आत लाकूड जास्त लागतं. तू फुंकणी मारतोस आणि लाकूड काढून घेतोस. मग आत जळायला उरतं काय? पिस्टन. पिस्टनला भोक पडेल, भर वेगात इंजिन जाम होईल, मागची चाकं घसरतील आणि त्या रोडवरचे कोळशाचे ट्रक तुझ्यासाठी थांबणार नाहीत. मद्रासला रेसच्या गाड्यांवर तीन वर्षं काम केलं आहे मी. असं इंजिन उघडून पाहिलं आहे.

तेव्हा सांगतो ते डोक्यात घाल, जागा असेल तर. गॅस सुटेल त्याच क्षणी जादा पेट्रोल सुटलं पाहिजे. त्याची वेगळी नळी टाक, आणि आधी पेट्रोल जास्तच ठेव. स्पार्कचं टायमिंग थोडं मागे घे. पेडल पूर्ण दाबलेलं आणि इंजिन चांगलं फिरत असेल तेव्हाच गॅस, पाय उचलला की आपोआप बंद. एकदा पळवलीस की प्लग काढून बघ. पांढराफटक दिसला तर पेट्रोल कमी पडतं आहे. त्यावर चकाकणारे कण दिसले तर तो तुझा पिस्टन आहे, चांदी समजून डबीत ठेवू नकोस. गॅसच्या नळीच्या सांध्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही, भडका उडेल. आणि थंडीत बसवलेलं माप आपल्या उन्हाळ्यात चालत नाही. तू दुकानात खसच्या कूलरसमोर बसतोस, सिलिंडर बाहेर उन्हात तापतं. त्यातला दाब वाढतो, गॅस जास्त येतो, पेट्रोल तेवढंच राहतं. दोरी फेक, लोखंडी पट्ट्यांनी आवळ. तरीही माझं मत विचारशील तर दवाखान्याचं सिलिंडर दवाखान्यात परत नेऊन दे.

एवढं तुला का शिकवतो आहे? तुझ्या इंजिनाची मला काडीची पर्वा नाही. ते फुटलं असतं तर मी सावनेरात पेढे वाटले असते. पण प्रेमिलाला सातवा लागतो आहे. तिला पहिल्या बाळंतपणाला आणायला मी काल येऊन गेलो, तू दुकानात होतास. म्हटलं, चल, एसटीनं सावकाश जाऊ. ती म्हणाली, "नाही गा दादा. त्यायनं सारी तयारी केली, त्यायच्याच गाडीत येईन. मले भेव लागते, पण हे त्यायले सांगू नको." पहिल्यांदाच तिची आज्ञा मोडतो आहे. तिला भीती वाटते, विश्वनाथ, आणि तरी ती तुझ्याच मागे बसणार आहे.

तुझाच मेहुणा,
देवराव