साडूच्या बंगल्यापेक्षा लांब घळ

३ फेब्रुवारी
साडूने बंगला बांधला आणि त्याला मेहुणीचं नाव दिलं. आज पाहून आलो. परत येताना बायको प्रत्येक घरावरची पाटी वाचत होती. तिचं हे वाचन मी ओळखतो. माझ्या हातून तिच्यासाठी काहीतरी मोठं व्हायलाच हवं. कपाटावरची दुर्बीण खाली काढली. सेलमध्ये घेतली होती, सोबत पुस्तक आणि चंद्राचा नकाशा फुकट.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी सात
गच्ची. अर्धा चंद्र. उजेड आणि अंधाराच्या सीमेजवळ एक सरळ रेघ! पुस्तक म्हणतं, अशा लांबलचक घळीला रिल म्हणतात. नकाशाशी ताडून पाहिलं. त्या जागी काहीच नाही. म्हणजे शोध माझाच.
ता. क. : दुर्बिणीतून चंद्राची डावी बाजू उजळलेली दिसते, नुसत्या डोळ्यांनी उजवी. अवकाशात असं होत असावं.

५ फेब्रुवारी
मोजमाप. शेजारच्या विवराची रुंदी पुस्तकात असते, त्याच्या किती पट घळ आहे ते पाहायचं. शेजारचं विवर नकाशात सापडेना, म्हणून त्यातल्या त्यात तसं दिसणारं घेतलं. लांबी आली नऊशे किलोमीटर. दुसऱ्यांदा एकशे चाळीस. सरासरी काढली. शास्त्रज्ञ हेच करतात. खोली काढायला सावलीची लांबी आणि सूर्याची उंची लागते. पण सूर्य मावळला होता. खोली रद्द.

६ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं, चंद्रावर तुझ्या नावाची घळ होणार. घळ म्हणजे खड्डाच ना, असं तिने विचारलं. लांब खड्डा, मी म्हणालो. जरा विचार करून तिने बहिणीला फोन लावला. एवढ्या तोऱ्यात तिला बोलताना मी लग्नापासून ऐकलं नव्हतं. फार बरं वाटलं. आता माघार नाही.

९ फेब्रुवारी
चंद्र मोठा झाला, घळ गायब. सूर्य तिरका असतानाच ती दिसते म्हणे. हरकत नाही. एकदा शोध लागला की पुन्हा पाहायची गरज नसते. ऑफिसात जाहीर केलं. साहेबांनी अभिनंदन न करता फाइल मागितली. पोटात दुखतं लोकांच्या.

१३ फेब्रुवारी
हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. बायकोही आली, ठेवणीतले कपडे घालून. अध्यक्षांनी मी काढलेलं घळीचं चित्र पाहिलं, चंद्राचा नकाशा घेतला आणि गिऱ्हाइकांच्या आरशासमोर धरला. आरशात माझी घळ जागच्या जागी! शेजारी माझं तोंड. ते म्हणाले, माझ्या दुर्बिणीच्या वाकड्या नळीत आरसा आहे, त्यामुळे डावं-उजवं उलटं दिसतं. घळीची लांबी साधारण तीनशे किलोमीटर, नाव एरिआडेअस, आणि तेही शेजारच्या विवरावरून. घळींची नावं बहुधा अशीच पडतात. माणसाचं नाव द्यायचंच तर विवराला, आणि तो माणूस हयात नसावा लागतो.
बायको म्हणाली, "मग मला घाई नाही."
दुकानात हशा पिकला. घरी येताना मात्र तिने एवढंच विचारलं, ताईला आता काय सांगू? वाईट वाटलं.

१४ फेब्रुवारी
ठरलं. ताईंना मीच फोन करणार. सकाळी त्या कामात असतात. दुपारी झोपतात. संध्याकाळी माझा घसा बसला.

२० फेब्रुवारी
घसा अजून तसाच. बायको हल्ली रोज संध्याकाळी अध्यक्षांच्या दुकानात जाते. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

५ मार्च
पुन्हा अर्धा चंद्र. बायकोने ताईंना आणि साडूला परस्पर बोलावलेलं. गच्चीवर मी घसा खाकरून पुढे झालो, पण दुर्बीण तिने केव्हाच लावून ठेवली होती. तिरका सूर्य, सावली, शेजारचं विवर, उलटी प्रतिमा, सगळं तिने समजावून सांगितलं. घळीची लांबीही मोजून दाखवली, तीनशेच्या आसपास आली. साडू तोंडाचा आ वासून ऐकत होता. बंगल्याचं नाव कुणी काढलं नाही.
शेवटी ताईंनी विचारलं, मग ही घळ शोधली कुणी?
"शोधलेली होतीच गं," बायको म्हणाली. "यांनी फक्त हरवली होती."
साडू सगळ्यात मोठ्याने हसला. ती बऱ्याच दिवसांनी खुशीत होती. मी खाली जाऊन चहा टाकला.