नाव टाकलं की मी सापडते

आई,

तुझं ऐकायचं नाही असं मी ठरवलंय, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मी ज्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते, त्याच्या वेबसाइटवर माणसं शोधायची एक डिरेक्टरी आहे. चौकटीत नाव टाकायचं, बटण दाबायचं, की त्या माणसाचा फोटो येतो, विभाग येतो, कुठल्या मजल्यावरची कुठली खोली तेही येतं, आणि खाली टेबलावरच्या फोनचा नंबर. कुणीही, कुठूनही बघावं. माझं नाव टाकलं की मी येते. निळी साडी, केस मागे बांधलेले आणि नाक सगळं तुझं. तू असतीस तर तोंडाला पदर लावून म्हणाली असतीस, "आगं, काढ की ते. समद्या जगाला कशाला दावती?"

तू मला लपवलंस म्हणून मी शिकले, हे मी विसरलेले नाही. दसरा झाला की पाथर्डीची आपली सगळी वस्ती कोपरगावकडे ऊस तोडायला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम मोजायचा तो कोयते, माणसं नाहीत. मुलगी जरा उंच झाली की तिचं लग्न उरकायचं, म्हणजे टोळीत आणखी एक कोयता वाढतो. माझं नववीचं वर्ष, आणि आप्पांनी, म्हणजे तुझ्या थोरल्या दिरांनी, माझं जमवूनही टाकलं होतं. बाबा भावापुढे बोलणारे नव्हते. तू गावाला सांगितलंस, पोरगी मावशीकडं गेलीय, आणि मला एसटीत घालून संगमनेरच्या वसतिगृहात आणून सोडलंस. मग मी तिथून गावातल्या मैत्रिणीला पत्र टाकलं, आणि ते कळताच तू उसाच्या फडावरून तशीच उठून आलीस. अजून दिसतं मला ते. वसतिगृहाचं स्वयंपाकघर आहे, धुराने काळं झालेलं, तू पिठाच्या डब्यापाशी उभी आहेस, पाचटाने हात ओरबाडलेत आणि तू दबक्या आवाजात ओरडते आहेस, "तुला सापडायची लई हौस हाय का? आप्पाला पत्ता लागला तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू? तुझं नाव कुनाच्या तोंडात यायला नगं." स्वयंपाकाच्या मावशींनी पुढे केलेली भाकरीही न खाता तू परत गेलीस. मला राग आला होता तुझा. आजही आहे. मैत्रिणीला दोन ओळी लिहिल्या म्हणून चोरासारखं का राहायचं, हे मला कधीच पटलं नाही.

पण तशीच राहिले. कॉलेज झालं, नोकरी लागली, तरी गावात कुणाला पत्ता दिला नाही. तुझ्या मातीला आले तेव्हा आप्पांनी तोंड फिरवलं. कुठे असतेस, त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर तिकडचं कुणी मला शोधेल असं वाटलंही नव्हतं.

आणि या दसऱ्याच्या आधी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पोरीचा आवाज होता, घाबरलेला पण खणखणीत. "तुमी आत्या का?" मी म्हटलं, कुणाची आत्या? "माजी. मी आप्पांची नात. घरात समदे तुमचंच नाव घेत्यात. मी पुस्तक हातात घेतलं की म्हनत्यात, त्या भवानीवानी करू नको. म्हनून म्हनलं, बघावं तरी ती भवानी हाय कुठं." मला हसू फुटलं. तू माझं नाव कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून जिवाचं रान केलंस, आणि आप्पांनी शिव्या देऊन देऊन ते घरात जिवंत ठेवलं. पोरगी हुशार. मी कुठल्याशा विद्यापीठात मास्तरीण झालेय एवढंच तिला ऐकून माहीत. तिने एकेका विद्यापीठाची डिरेक्टरी उघडली. आधी नुसतं आडनाव टाकलं, तर निम्मी भावकी खाली उतरली म्हणे. मग एकेकीचं तोंड बघत बसली. "आमच्याकडं तुमच्या आईचा फोटू हाय. नाकावरनं वळीखलं," म्हणाली. आणि मग एकदम रडायला लागली. "आत्या, दसऱ्याच्या आत लगीन हाय माजं. मला बारावी करायचीय."

तिच्या आईने तिला एसटीत बसवलं, मी नगरच्या स्टँडवर घ्यायला गेले. मोबाईल मात्र पोरगी घरीच विसरली, आणि त्यात माझं पान उघडंच होतं. चार दिवसांत आप्पा माझ्या खोलीच्या दारात उभे. म्हातारे झालेत आता, काठी टेकत दोन जिने चढून आले होते. धाप लागली होती तरी आवाज तोच.

"पोरगी कुठंय?"

"आहे. सुखरूप आहे."

"घरात घुसून पोर नेली तू."

"मी कुठे आले होते, आप्पा? तिने मला शोधलं. तिचं लग्नाचं वय झालेलं नाही. परत तारीख धरलीत तर मी पोलिसांत जाईन, आणि त्यांना माझं नाव, खोली, नंबर सगळं देईन."

"आईवर गेली," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, हो, गेले. त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, खुर्चीत बसून धाप ओसरू दिली आणि मग आले तसे गेले.

आप्पांचा आवाज कॉरिडॉरभर गेला होता, तो ऐकून ऑफिसातले एक क्लार्क आले. भला माणूस आहे. म्हणाले, "मॅडम, तुमचा फोटो आणि नंबर काढून टाकू का? पुन्हा कुणी यायला नको." अगदी तुझंच बोलणं, फक्त शुद्ध मराठीत. मी नाही म्हटलं. उलट आणखी सांगितलं, गावाचं नावही घाला. तिकडच्या एखाद्या पोरीने नुसतं गाव टाकून शोधलं तरी मी आले पाहिजे. येऊ देत आप्पा, येऊ देत मुकादम, ज्याला यायचं त्याने यावं. तू मला लपवलंस ते तेव्हा बरोबरच होतं. पण मी लपूनच बसले असते, तर ही पोरगी आज कुठल्या फडात मोळ्या बांधत असती? मी सापडणार, आई. तू कितीही रागावलीस तरी.

हे पत्र कुठे जाणार नाही, ठाऊक आहे. तरी एक सांगून टाकते. त्या पानावर घरच्या पत्त्यालाही जागा आहे, भरा नाहीतर सोडा. काल मोठ्या तोऱ्यात भरायला बसले. शेजारच्या खोलीत पोरगी मोठमोठ्याने धडा पाठ करत होती. मी अर्धा पत्ता लिहिला, आणि पुसून टाकला.