लिंबाएवढा पोचा

कुंभकोणम्, शुक्रवार, १२ एप्रिल १९९१

काल पट्टीश्वरम्‌च्या देवळाबाहेर अप्पांनी गाडी खांबाला घासली. मडगार्डाला लिंबाएवढा पोचा. एवढ्याशासाठी विम्याचा क्लेम करायचा का, ठरेना, म्हणून आज एजंटाला घरी बोलावलं.

"गाडी कोण चालवत होतं?" त्यानं विचारलं.

घरात आम्ही मराठीच बोलतो. पण त्याला कळावं म्हणून मी अप्पांसमोरच तमिळमध्ये म्हणालो, "वडलांना आता नीट दिसत नाही." परक्याबद्दल बोलावं तसं! अप्पांनी खिशातली किल्ली काढून माझ्या कॉफीच्या टंबलरशेजारी ठेवली.

एजंट गेल्यावर मी फॉर्म फाडला. "अप्पा, क्लेम नको. उद्या तुम्हीच चालवा."

"पट्टीश्वरम्‌ला बस जाते की रे," ते म्हणाले.

लिंबाएवढा तर पोचा. का बोललो मी? किल्ली अजून तिथंच आहे. मला उचलवत नाही.