तांबड्या आलवणाचा काठ

१० नोव्हेंबर १९५६

प्रभाकर बरा आहे ना? उषाची अर्धशिशी थांबली का? जयूचा दात पडला की अजून जिभेने हलवत बसते? रमेशचा खोकला? — आठ दिवसांत तीन कार्डं टाकली भोपाळला. उत्तर एकाचंही नाही. पोस्टमन रस्त्यावरूनच हात हलवतो — "आज भी कुछ नहीं, माँजी!" म्हणून आता या वहीलाच विचारते. वही निदान ऐकून तरी घेते.

मी बरी. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतं कोण!

वन्सं कशा आहेत, हे मात्र कुणी विचारत नाही. मुलगासुद्धा नाही. त्यांनीच त्याला कडेवर वाढवला.

१३ नोव्हेंबर

घर न सोडता तिसऱ्या राज्यात आले! आधी शिंदे सरकार, मग मध्यभारत, आता मध्यप्रदेश. आपलं घर तेच, उज्जैनीच्या माधव नगरचं. पण प्रभाकरचं ऑफिस इंदूरहून उचललं आणि भोपाळला नेलं. इंदूरला होता तेव्हा दर रविवारी यायचा. पिशवीत शेव, मांडीवर जयू. आता रविवार येतो आणि तसाच जातो.

घरात आम्ही दोघी. मी आणि हे गेल्यावर माझ्या पदरात राहिलेली यांची मोठी बहीण.

१९ नोव्हेंबर

वन्संनी आज भाताच्या पातेल्यात रांगोळी घातली. मग मलाच विचारलं — "तू कोणाची गं?" म्हटलं, तुमच्या धाकट्या भावाची बायको. तर हसल्या. "यज्ञेश्वर? अगं, तो तर अजून रांगतोय!"

अडुसष्ट वर्षांच्या वन्सं. नवव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून अंगावर विधवेचं बिनकाठाचं तांबडं आलवण. आता मनाने आठ वर्षांच्या झाल्यात. सासरी आहोत असं वाटतं त्यांना. वडील न्यायला येणार म्हणून दाराशी गाठोडं घेऊन बसतात. "अण्णा आले का?" दिवसातून पन्नास वेळा. अण्णा म्हणजे माझे सासरे, त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. माहेरातच बसून माहेरची वाट बघतात बिचाऱ्या!

पहिल्यांदा मी खरं सांगून टाकलं — अण्णा गेले. तर नव्याने बातमी कळल्यासारखा आक्रोश. संध्याकाळी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच आक्रोश. त्या दिवशी मी त्यांना दोनदा पोरकं केलं. आता नुसती मान हलवते.

२४ नोव्हेंबर

शेजारची रजनी सत्यनारायणाच्या प्रसादाला सांगून गेली. जाता जाता हळूच — "काकू, एकट्याच या हं."

गेले नाही.

३ डिसेंबर

सकाळी मी नळावर होते आणि वन्सं गेल्या! दार उघडं, गाठोडं नाही. गल्ली पाहिली, घाट पाहिला, देवळं पाहिली. विचारायचं तरी कोणाला? आपल्या घरात असं आहे हे दोन वर्षं आपल्या तोंडाने कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! आज ती मूठ उघडताना जीभ रेटेना. "म्हातारी बाई पाहिलीत का?" एवढंच विचारायची. उज्जैनीत म्हाताऱ्या बायकांना काय तोटा?

दिवस कलता सापडल्या. स्टेशनाच्या बाकावर. अण्णा गाडीने येणार म्हणून. कोणीतरी भिकारीण समजून पदरात शिळी पुरी टाकली होती. ती जपून ठेवली होती — "अण्णांना भूक लागेल."

९ डिसेंबर

प्रभाकरचं पत्र आलं. अखेर! उघडताना आनंद, वाचून तो तिथेच संपला. स्टेशनाची हकीकत मीच कळवली होती. हात दाखवून अवलक्षण! लिहितो — "वेड्यांच्या इस्पितळात ओळख काढली आहे. संक्रांतीला येतो, कागद घेऊनच येतो. आत्याला तिथे पोहोचवून तुला इकडे घेऊन येईन. आई, तू तरी किती दिवस?"

खोटं काहीच नाही त्यात. क्वार्टर दोन खोल्यांचं, उषा आजारी. नातवंडं मला दिसतील. रात्रीची झोप मिळेल. मन नको म्हणत नाही, हे इथे लिहून ठेवते. लाज वाटते, पण लिहून ठेवते.

१० डिसेंबर

काल लिहिलं नाही ते आज. मी अक्षर शिकले ती चुलीपुढे. प्रभाकर शाळेतून यायचा, पाटीवर लिहायचा, मी ते बघून कोळशाने जमिनीवर गिरवायची. वन्संचा धाक मोठा. "बायकांना काय करायची अक्षरं? पोळ्या गोल करा आधी!" रोज बोलणी. पण सारवायला बसल्या की माझी अक्षरं असलेली तेवढी टीचभर जागा सोडून सारवायच्या. कधी पुसली नाही. कधी त्याबद्दल बोलल्याही नाहीत.

ही वही त्या टीचभर जागेची आहे.

१७ डिसेंबर

भैरवगढला गेले होते, पलंगपोस छापायला टाकायचे म्हणून. वन्संना कोणाजवळ ठेवणार? सोबतच नेलं. कापड छापणाऱ्या गफूर छीपाच्या अंगणात पाय ठेवते तर एक म्हातारी एकच कापड घडी करतेय, उलगडतेय, पुन्हा घडी करतेय. गफूर म्हणाला, "हमारी अम्मा हैं. चार साल से ऐसी ही हैं." असं भर अंगणात! जसं काही सांधे दुखतात म्हणावं.

वन्सं तिच्याशेजारी जाऊन बसल्या. दुसरं टोक धरलं. जन्मभर सोवळं पाळलेल्या वन्सं! त्या मराठीत बोलतात, ती माळवीत. दोघींचं छान चाललं होतं.

गफूरची बायको म्हणाली, "इनको हाथ में काम दिया करो, बाई. खाली हाथ घबराता है. और जो गुज़र गया उसे पूछें, तो कहो — आते ही होंगे, तब तक रोटी खा लो." दोन वर्षांत मला कोणी असं काही सांगितलं नव्हतं. मी तिथेच रडले. तिने पाणी दिलं, मी प्यायलेसुद्धा.

विचारलं, अम्मा हरवत नाहीत? गफूर म्हणाला, "रोज़ हरवतात! पण सारा मोहल्ला ओळखतो, हाताला धरून सोडून जातात." मग वन्संच्या आलवणाकडे बघत राहिला. "बाई, यांच्या कपड्याला तर पहचानच नाही." आतून छपाईचा एक जुना लाकडी ठप्पा आणला — फूल, पण एक पाकळी तुटलेली. "फेकनेवाला था. इसकी छाप उज्जैन में दूसरे किसी कपड़े पर नहीं मिलेगी."

२१ डिसेंबर

दोन आलवणं छापून आली. तांबड्यावर त्या तुटक्या फुलाचा काळा काठ. नेसवताना माझेच हात अडले. पन्नास-साठ वर्षं ज्या बाईला काठ वर्ज्य, तिला मी काठाचं नेसवतेय!

वन्संनी पदर डोळ्यांजवळ धरला. "काठ! मला? आई रागावणार नाही ना?" मग अंगणात गोल गोल फिरल्या, खाली बघत. हसत होत्या. हे हसणं मी आजवर पाहिलं नव्हतं.

२२ डिसेंबर

भय्यासाहेब आले काठी आपटत. मराठी मंडळाचे वडीलधारे, दरबारी दफ्तरदारांचं घराणं, मोडीचा हात असा की छापल्यासारखा. माझ्या अक्षराला एकदा सर्वांदेखत "कोंबडीचे पाय" म्हणाले होते. आज उभ्याउभ्याच — "वहिनी, विधवेच्या आलवणाला काठ? तोही भैरवगढचा? घराण्याची काही चाड?"

म्हटलं, चाड आहे, म्हणूनच. चहा घ्या. घेतला.

२३ डिसेंबर

भय्यासाहेब पुन्हा हजर! तेच शब्द, तीच काठी, तेच "घराण्याची काही चाड?" राग एवढा, की दोनदा ओकल्याशिवाय निवत नाही. चहा दिला तर म्हणे, "काल विचारलासुद्धा नाहीत." बाई गं! जाताना छत्री इथेच विसरले ते.

२७ डिसेंबर

आज मूठ उघडली. घड्याळाच्या टॉवरजवळचे टांगेवाले, स्टेशनाचा हमाल, घाटावरच्या माळणी, फ्रीगंजचा कचोरीवाला — सगळ्यांपुढे उभी राहिले, कापड दाखवलं. "ही किनार दिसली तर बाईला माझ्याकडे आणा. तिला आठवत नाही." वाटलं, हसतील. हमाल म्हणाला, "हमारे बाऊजी भी ऐसे ही गए, माँजी. आप फिकर मत करो." माळणीने वन्संसाठी झेंडू दिला.

४ जानेवारी १९५७

वन्सं निसटल्या. तासाभरात टांगा दाराशी! टांगेवाला ओरडतोय — "लो माँजी, आपकी अमानत! किनारी देखी और बिठा लिया. रस्ताभर मला घोडा नीट हाकायला शिकवत होत्या!" वन्सं मागे राणीसारख्या.

मीही हसले. कितीतरी दिवसांनी.

१४ जानेवारी, संक्रांत

प्रभाकर आला. एकटाच. कागद खिशात, खिसा फुगलेला. सगळी रात्र मी शब्द जुळवत होते, त्याला काय सांगायचं ते. एकाचीही गरज पडली नाही. दारात त्याला पाहताच वन्सं उठल्या, गाठोडं उचललं, चेहरा फुललेला — "अण्णा! न्यायला आलात?"

आता तर आपण होऊन जातील! त्याने नुसता हात धरायचा अवकाश.

त्याने हात धरला. वन्सं पदर पुढे करून म्हणाल्या, "बघा ना अण्णा, मला काठ!" प्रभाकर तिथेच उंबऱ्यावर बसला. काठावरून बोट फिरवत म्हणाला, "छान आहे हो. आज मुक्काम करू. तिळगूळ खाऊ."

१५ जानेवारी

आज गेला. कागद खिशातच गेले. म्हणाला, "आई, उन्हाळ्यापर्यंत बघू." उन्हाळ्यापर्यंत तर उन्हाळ्यापर्यंत. मी भोपाळला येत नाही, एवढं स्पष्ट सांगितलं. सांगितल्यावर घर फार मोठं वाटलं.

१९ जानेवारी

भय्यासाहेब आले. म्हटलं, झालं, पुन्हा चाड! पण काठी आपटली नाही. बगलेतून धुतलेलं धोतर काढलं. "वहिनी, भैरवगढला जाल तेव्हा यालाही तो काठ..." कोणासाठी? त्यांच्या घरी तर दुसरं कोणी नाही.

"काल टॉवरपाशी उभा होतो. घर कुठल्या बाजूला, ते सुचेना."

मग कार्ड पुढे केलं. वसंतला, त्यांच्या मुलाला लिहायचं होतं. अक्षरं जागेवर बसत नाहीत म्हणाले. मी माझ्या कोंबडीच्या पायांनी लिहिलं. ते सांगत होते, एकेकाचं नाव आठवत, मध्येच थांबत — तू बरा आहेस ना? कल्पनाचं बाळंतपण नीट झालं का? प्रतिभा शाळेत जाते का? आणि शेवटी, वन्संच्या काठाकडे बघत —

"लिहा, वहिनी. उत्तर लवकर पाठव. पत्र कोणाचं आहे ते मला कळतंय, तोवर."