मोगऱ्याची खरड छाटणी

नाशिकरोड,
२७ एप्रिल

ती. अक्कांना उज्वलाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक म्हणायचं. ऊन मी म्हणतंय. पत्र बघून दचकू नका, फोन बिघडलेला नाही. पण फोनवर बोलायचं तर तुमचे भाऊ शेजारीच बसलेले असतात, आणि उठून बाहेर गेले तर फोन ठेवून मला त्यांच्या मागे जावं लागतं. म्हणून कागदावर लिहितेय. आत्ता ते पंख्याखाली झोपलेत.

काम कुंड्यांचं आहे. तुमच्या मळ्यात विहिरीजवळच्या आंब्याखाली जागा असेल तर दीपकला पिकअप घेऊन पाठवाल का? तुमच्या लेकाच्या निफाडहून इकडे फेऱ्या असतातच. माझ्याच्यानं आता एवढी झाडं होत नाहीत. गुडघे बोलायला लागलेत.

हा सगळा ह्यांचाच संसार, तुम्हाला माहीत आहे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा पानांवर राख बसायची. ड्युटीवरून आले की बूट काढायच्या आधी ओल्या फडक्यानं पानं पुसायचे. मी म्हणायचे, कधी माझंही तोंड पुसा. नर्सरीत गेलो की मी फुलांकडे धावायची आणि हे कुंडी आडवी करून, झाड अलगद उपसून मुळं बघायचे. "फुलं काय, दोन दिवसांची पाहुणी. मुळं पांढरी आहेत का बघ." नर्सरीवाला कपाळाला हात लावायचा. पण ह्यांनी आणलेलं झाड कधी दगावलं नाही, आणि मी हट्टानं आणलेल्या गुलाबांपैकी एकानंही धड पावसाळा काढला नाही.

गेल्या श्रावणात भर पावसात रेनकोट घालून झारीनं पाणी घालताना दिसले. मी हसले, तेही हसले. दिवाळीत शेवंतीला सकाळी खत घातलं, दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. शेवंती करपली. तुम्ही भाऊबीजेला आलात तेव्हा त्या कुंड्या मी मागच्या बाजूला नेऊन ठेवल्या होत्या. तुम्ही तासभर बसलात आणि जाताना म्हणालात, "खंडू बरा दिसतोय की गं." मी हो म्हणाले. सणासुदीला काय बोलणार? थंडीत एकदा त्यांनी अनंताच्या झाडाकडे बोट दाखवून मला विचारलं, "हे कोणी लावलं इथं?"

आणि मागच्या आठवड्यात मोगरा. या दिवसांत तो कळ्यांनी कसा भरलेला असतो, मी सांगायला नको. कुकर लावून बाहेर आले तर हे कात्री घेऊन बसलेले. मोगरा पार खाली छाटलेला, प्रत्येक फांदीला दोन-दोन डोळे ठेवून, तुमच्याकडे एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी करतात अगदी तशी. कापात काही चूक नव्हती, झाड तेवढं चुकलं होतं. मोगऱ्यानंतर जास्वंद, जास्वंदीनंतर कढीपत्ता. कळ्या सगळ्या फरशीवर पडलेल्या.

मी ओरडले, अक्का. शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं ओरडले.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, रागवू नको. तू काड्या वेच, मी पुढची ओळ घेतो. आप्पा यायच्या आत संपवू."

लहानपणी मामंजींच्या बागेत ते छाटायचे आणि तुम्ही मागून काड्या वेचायचात, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलंय. मी खाली बसले आणि काड्या वेचल्या.

मग मी कात्री लपवली. तर परवा दुपारी फाटक उघडून निघाले. शेजारच्या गुलजारबींना चौकात सापडले. रिक्षावाल्याशी निफाडच्या भाड्यावरून घासाघीस चालली होती. गुलजारबींनी हाताला धरून घरी आणलं. म्हणाल्या, "भाभी, भाऊ तो निफाडला निघाले होते. छाटणी राहिली म्हणे. तुमाला कळलं नाही का?" मी म्हटलं, नाही बाई, कधी गेले कळलंच नाही.

अक्का, कळलं होतं. फाटकाची कडी वाजलेली मी ऐकली. समोर चहा होता. घर एकदम शांत झालं होतं. मी उठले नाही. चहा संपवला, पातेल्यातला उरलेला ओतून घेतला आणि तोही प्यायले. गुलजारबी त्यांना घेऊन आल्या तेव्हा मी खुर्चीतच होते. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटते.

तर कुंड्यांचं सोडा. त्या इथे वाळल्या तरी चालतील. दीपकला पाठवा आणि ह्यांना न्या. पाऊस लागेपर्यंत तरी ठेवून घ्या. तुमचंही वय झालंय, घरात सून आहे, तिला काय वाटेल हेही कळतं मला. हे कुणाकडे मागायचं नसतं, तेही कळतं. पण तिकडे आता छाटणीचे दिवस आहेत. ओळीच्या कडेला खुर्ची टाकून नुसतं बसवलंत तरी घरी आल्यासारखं वाटेल त्यांना. इथे रोज दिवेलागणीला पिशवी भरून घर कुठे आहे विचारत बसतात. मला थोडं झोपायचं आहे, अक्का. अंगात जरा त्राण आलं की मीच येऊन घेऊन जाईन. टाकून देत नाहीये मी त्यांना.

नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नका, ते ऐकतील.

उठले वाटतं. हाक मारतायत, नेहमीसारखी तुम्हालाच. आधी मी सांगत बसायची, अहो, मी उज्वला. आता "आले रे खंडू" म्हणते आणि जाते. खाली नाव मात्र माझंच लिहिते. निदान तुम्हाला तरी ते ओळखू येईल.

तुमची भावजय,
उज्वला